आमचा सेंटर चाकणला दिला

ज्या खेळाडूसाठी तुम्ही घसा बसेपर्यंत ओरडता, सामना नसताना त्याचे हात कुठे असतात हे तुम्ही कधी विचारलं आहे?

भोसरीत आमच्या गल्लीच्या टोकाला बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान आहे. दर हिवाळ्यात तिथे कंपन्यांच्या संघांची स्पर्धा होते. पहिली शिफ्ट सुटली की माणसं घरी न जाता डब्याच्या पिशवीसकट मैदानावर येतात. माझे वडील गिअर बनवणाऱ्या कंपनीत पर्मनंट आहेत, म्हणून त्यांच्या कंपनीचा संघ तो आमचा संघ. मी वाचायला शिकले गेटवर वाटलेल्या पत्रकांवरून, आणि खेळ शिकले या मैदानाच्या कठड्यावर बसून.

इथली एक रीत बाहेरच्यांना माहीत नसते. संघातले बहुतेक खेळाडू कंत्राटी कामगार असतात. उंच, चपळ पोरगा दिसला की कंपनी त्याला स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लावते. अर्धी शिफ्ट माल लावायचा, अर्धी शिफ्ट सराव करायचा. आमचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, असाच लातूरकडून आलेला. दिघीला एका खोलीत बायको आणि तान्ह्या मुलीबरोबर राहतो. रिंगखाली त्याने हात वर केले की चेंडू जणू आपणहून त्याच्याकडे यायचा.

या हिवाळ्यात स्पर्धा निम्म्यावर आली आणि बातमी फुटली. सेंटर चाकणच्या कंपनीला दिला, बदल्यात त्यांचा लांबून बास्केट टाकणारा गडी आपल्याकडे आला. दोन्ही कंपन्यांना माणसं पुरवणारा कंत्राटदार एकच. त्याने एक इकडून उचलला, एक तिकडून. सेंटरला कुणी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर नुसता गोंधळ होता.

"लई भारी सौदा झालाय, राव!" एक तरुण वेल्डर म्हणाला. "त्या गड्याचा हात बघितलाय का? अर्ध्या मैदानातनं टाकतो. बॉल रिंगला चाटत पण नाही."

"आन् रिंगला लागून उडालेला रिबाउंड कोन घेनार? तुजा सासरा?" हे शेजारच्या खोल्यांचे मालक. जुन्या भोसरीतले, त्यांना सगळे आबा म्हणतात. "आमी हितं पहिल्यापासनं बघतोय. त्याच्यावानी दुसरा हाय का? न्हाई."

"आबा, तुमचा जमाना गेला. आता लांबून मारायचे दिवस आहेत."

"लांबून मारनारा लांबूनच पळतो, भावा."

हशा पिकला. मी मध्येच विचारलं, "तिकडे तो काम काय करणार?"

"ताई, काम कसलं? खेळणार!" वेल्डर म्हणाला.

तेवढ्यात सेंटर स्वतःच आला, निरोप घ्यायला. आबांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, कुणी नारळ दिला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर वडिलांनी माझाच प्रश्न त्याला विचारला: तिकडे काम काय?

"तिकडं स्टोअरला जागा नाही म्हणले," तो म्हणाला. "प्रेस शॉपला टाकलंय."

वडिलांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. प्रेस शॉपमध्ये साच्याखाली पत्रा दाबून कापतात, आणि हात आत राहिला तर बोटंही; म्हणून या पट्ट्यात तिथून आलेल्या माणसाशी हात मिळवताना नजर आधी बोटांकडे जाते. सगळ्यांनाच ते कळलं असणार, कारण टपरीवरची प्रत्येक नजर त्या हाताकडे गेली. मग वेल्डर म्हणाला, "खेळाडूला कोण मशीनवर ठेवतंय? दाखवण्यापुरतं असतं ते." सगळ्यांना हायसं वाटलं आणि वाद परत रिबाउंडवर गेला.

मला याचाच राग येतो. याच माणसांनी एका कामगाराच्या निलंबनाविरुद्ध गेटवर उन्हात बैठक मारली होती. पण जर्सी घातलेला माणूस त्यांना कामगार दिसेना. तोच माणूस सौद्यात दिला गेला, तर ते भाव योग्य आहे का यावर भांडत होते.

पुढे तो आमच्याविरुद्ध खेळला. चाकणच्या संघाची गाडी उशिरा आली आणि सेंटर थेट शिफ्टवरून उतरला. पहिलाच चेंडू त्याच्या हातातून निसटला. डोळे तांबारलेले, उडी अर्धीच. आमच्या बाजूने लगेच आवाज गेला, "ओव्हरटाइम करून आला का रं?" आणखी एक चेंडू सुटला. "नारळ परत दे!" लोक पोट धरून हसत होते. नव्या गड्याने लांबून बास्केटमागून बास्केट टाकले आणि आम्ही सहज जिंकलो.

सामना संपल्यावर तो नळावर तोंड धूत होता. अंगठ्याशेजारच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

"पत्र्याची धार लागली, ताई. बारीक आहे."

"प्रेसला सेन्सर नाही का? हात आत असताना बंद पडायला हवी ती."

"आहे ना. बंद ठेवलाय. चालू ठेवला तर टार्गेट होत नाही. दोन हातांनी दोन बटणं दाबायची असतात, म्हणजे हात बाहेर राहतात; त्यातल्या एकाला चिकटपट्टी लावून ठेवलीय." हे तो हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. मग चाकणच्या खेळाडूंकडे बघत हळूच म्हणाला, "आज बघितलं ना? मॅनेजर म्हणला, खेळात दम नसेल तर सराव कशाला. उद्यापासून पूर्ण शिफ्ट मशीनवर."

म्हणजे आमचा प्रत्येक जल्लोष त्याला त्या मशीनच्या आणखी जवळ ढकलत होता. तो दमला की वाईट खेळणार, वाईट खेळला की जास्त वेळ प्रेसवर, आणि जास्त वेळ प्रेसवर म्हणजे आणखी दमणार. या घसरणीच्या टोकाला काय आहे ते मला सांगायची गरज नाही.

मी टपरीवर जाऊन सगळं सांगितलं.

"मग काय, मुद्दाम हरायचं का आपण?" वेल्डर म्हणाला. पण आता तो हसत नव्हता.

"ह्यो सौदा खेळाचा नव्हताच," आबा म्हणाले. "आपुन उगं तोंड वाजवीत बसलो."

"तक्रार करू," कुणीतरी म्हणालं.

"त्याचं नाव पुढे आलं की गेट बंद," वडील म्हणाले. "पोरगी तान्ही आहे त्याची." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लिही. पण नाव नको. त्याचंही नको, कंपनीचंही नको. नाव काढलं की एकच मशीन बघतील. नाव नसलं तर प्रत्येकाला आपली मशीन बघावी लागेल."

म्हणून या लिखाणात नावं नाहीत, आणि त्याची ओळख पटेल अशा खुणाही मी बदलल्या आहेत. आज तो दुसऱ्या शिफ्टला आहे. मी हे लिहिते आहे तेव्हा त्याचे हात त्या साच्याखाली आत-बाहेर करत असतील.

तुम्ही सुपरवायझर असा, ऑपरेटर असा, नाहीतर नुसते कंपनीच्या संघासाठी टाळ्या वाजवणारे असा. उद्या शिफ्ट सुरू होण्याआधी आपल्या प्रेस शॉपमध्ये जा. सेन्सर चालू आहे का ते बघा. बटणाला चिकटपट्टी लावलेली दिसली, तर ती काढा आणि सेन्सर चालू होईपर्यंत मशीन सुरू होऊ देऊ नका. एकटे जाऊ नका, चार जणांना बरोबर घेऊन जा.