भुवईचं ठिगळ

दर रविवारी सकाळी मी आरशासमोर उभा राहून डावी भुवई कापतो. हो, कापतो. नाही कापली तर महिन्याभरात डोळ्यावर लोंबायला लागते आणि नातवंडं खिदळतात. खिदळू देत मेली! ही भुवई मुळात भुवई नाहीच. माझ्या डाव्या कानामागचं, डोक्याचं कातडं आहे ते, केसांसकट कापून इथे शिवलेलं. डोक्यावरचा केस तो, जागा बदलली म्हणून वाढायचं थोडंच सोडणार? हे झालं तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि मी एकोणीस वर्षांचा होतो.

कुंभकोणात आमचं शिंपीकाम. घरात विठोबा आणि तंजावरची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. अप्पा आणि मी दुकानात मशीनवर बसायचो, आई घरी काजं-बटणं करायची, आणि माझी धाकटी बहीण, अकरा वर्षांची, कुणालाच स्वस्थ बसू द्यायची नाही. माझ्या कानामागे खोचलेली खडूची कांडी पळवायची आणि जाता जाता तिथलेच चार केस ओढायची. मी ओरडायचो. माझं डोकं पहिल्यापासून तापट, ते काही मी लपवत नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवार म्हणजे मुलींचं तेल चोळून न्हाणं. कमरेखाली येणारे केस मोकळे सोडून, उदाच्या धुरावर सुकवत ती माझ्या शेजारीच बसली होती, आणि मी कॉफीसाठी स्टोव्ह पेटवत होतो. स्टोव्ह तुंबला. तो विझवावा, गार होऊ द्यावा, मग पिन घालावी, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मला धीर कुठला! दोन शिव्या हासडल्या, आणखी पंप मारला आणि तशीच पिन खुपसली. भडका उडाला. माझी डावी भुवई गेली आणि कपाळाचं थोडं कातडं गेलं. तिचे केस पेटले. आईनं आणि मी पोती टाकून विझवले. चौथ्या दिवशी ती गेली. एवढंच सांगतो, याहून जास्त मला आजही सांगवत नाही.

जवळच्या दारासुरम गावचे विणकर आमच्या दुकानात रेशीम आणायचे. खरं रेशीम ओळखायचं तर एक धागा ओढून जाळायचा. जळक्या केसांचा वास आला की रेशीम खरं. त्या शुक्रवारनंतर अप्पांनी धागा कधी जाळला नाही. "तुम्ही म्हणता तर खरंच असेल," म्हणून माल ठेवून घ्यायचे, आणि दोनदा चांगले फसलेही. पण शेजारच्या दुकानात धागे जळतच होते. तो वास आला की माझे पाय मशीनवर थांबायचे आणि मी उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचो.

आईचं म्हणाल तर तिनं माझ्याकडे बघणं सोडलं. बोलायची, वाढायची, शर्ट धुवायची, सगळं करायची, पण बोलायची ती माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी. "पाणी तापलंय," बटणाला. "आज उशीर का जाहला?" बटणाला. मी मुद्दाम वाकून तिच्या नजरेसमोर तोंड आणलं की तिला चुलीवर काहीतरी आठवायचं. का बघत नाही, हे मी कशाला विचारू? पिन माझ्या हातात होती. भुवईच्या जागी गुळगुळीत, गुलाबी डाग होता. तो डाग बघितला की तिला तो दिवस दिसत असणार, असं मी मनाशी धरून बसलो. असं एक वर्ष गेलं.

मग लष्करातून निवृत्त झालेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं की मद्रासला एक डॉक्टर आहेत, लढाईत भाजलेल्या शिपायांचे चेहरे दुरुस्त केलेत त्यांनी, भुवईसुद्धा लावून देतात. अप्पांना वाटलं, पोराचं लग्न जमेल. मी म्हटलं, बरं. लग्नाचं कुणाला पडलं होतं? मला आईनं माझ्याकडे बघायला हवं होतं, बाकी काही नको होतं.

डॉक्टर कानामागची जागा दाखवून समजावू लागले तशी अप्पांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे ठिगळ! त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीचं!" आणि मग अगदी गंभीरपणे विचारलं, "पण डॉक्टरसाहेब, लव कुठल्या अंगाला ठेवणार? मखमलीचं ठिगळ उलट्या लवेचं लागलं तर लांबूनच कळतं." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "माझे शिकाऊ डॉक्टरसुद्धा हे विचारत नाहीत." पट्टी सुटल्यावर अप्पांनी आधी टाके निरखले आणि "हात साफ आहे," असा निकाल दिला. लव बाहेरच्या अंगाला होती.

घरी आलो तो जाड काळी खपली आणि नियमांचं गाठोडं घेऊन. खाजवायचं नाही. खपली ओढायची नाही, आपली आपण पडू द्यायची. डोक्यावरून पाणी नाही, पुरुषांचं शनिवारचं तेलाचं न्हाणं बंद. उन्हात जायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही (कुंभकोणात! ऐन वैशाखाच्या उन्हात!). दोन उशा घेऊन उताणं निजायचं, कुशीवर वळायचं नाही. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे कपाळाला आठी घालायची नाही, भुवई उंचवायची नाही. म्हणजे तीन आठवडे रागवायचंच नाही! अप्पा म्हणाले, "या ऑपरेशनचे दुप्पट उपकार झाले बघ आपल्यावर."

मग मी पडून राहिलो, दगडासारखं तोंड करून. आई उशाशी बसून पंखा घालायची, तोंड भिंतीकडे करून. दुपारी ती मागच्या अंगणात गेली की घर सुन्न व्हायचं. कौलांतून पडलेला उन्हाचा कवडसा जमिनीवर सरकायचा आणि ठिगळाला खाज सुटायची. साधी खाज नाही ती. कुणीतरी चिमटीत धरून चार-चार केस ओढतंय, असं वाटायचं. कानामागे ओढायची ना ती, तेच केस होते हे. मी डोळे मिटून घ्यायचो. वळता येत नव्हतं, त्यामुळे डाव्या बाजूला कुणी बसलंय का ते बघताही यायचं नाही. एकदा मी हळूच म्हणालो, "पुरे की गं." आणि खाज थांबली. मला हसा हवं तर. मी घाबरलो नाही, पण रडलो, आणि रडतानासुद्धा कपाळ सरळ ठेवलं.

विसाव्या दिवशी खपली पडली, आणि तिच्याबरोबर केसही. सगळे. खाली पुन्हा तोच गुळगुळीत डाग, फक्त आता कडेनं शिवण. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हे केस गळतील, मुळं आत राहतील, तीन महिने वाट बघा. पण सांगितलेलं कानात राहतं, डोळ्यांना कोण समजावणार? मी खपली कागदात धरून परसात बसलो होतो. आई आली, तिनं कागदातले केस बघितले, आणि देवघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बोटाला खरखर लागली. अप्पांनी आपला जाड चष्मा लावून बघितलं आणि दुकान उघडं टाकून मिठाई आणायला धावले. आठ-दहा काळी टोकं, मग वीस, मग ओळच. खोबरेल तेलाचं बोट फिरवून मी रोज ते केस बाहेरच्या अंगाला वळवायचो. दोन महिन्यांत झकास भुवई झाली, आणि वाढतच सुटली. अप्पांनी काजाची कात्री दिली. मी ती आईपुढे धरली आणि म्हणालो, "तू काप. माझा हात चुकेल." म्हटलं, आता तरी बघेल.

तिनं कात्री घेतली नाही. तिसऱ्या बटणाला म्हणाली, "कापू नकोस. ते देवाचं आहे."

"काय?"

"नवस केलाय मी. खपली पडली त्या दिवशी. केस उगवू देत, ह्याच्या डोक्यावरचे सगळे केस स्वामिमलैला देईन." आमच्याकडे पूजा विठोबाची, पण नवस बोलायचा तो तिथल्या डोंगरावरच्या मुरुगन देवाला, विठोबा काही मागत नाही, असं आई म्हणायची.

"मग डोकं भादरतो की! भुवईचा काय संबंध?"

"ते डोक्यावरचेच आहेत," ती म्हणाली.

झालं! पाच महिने साठवलेला राग एकदम उसळला. आठ्या घातल्या, भुवया नाचवल्या, वाट्टेल ते बोललो. इतके दिवस मढ्यासारखा पडून राहिलो ते कुणासाठी? तू एकदा वर बघावंस म्हणून! "माझ्यामुळे गेली ती, मला ठाऊक आहे. पण किती दिवस तोंड फिरवशील?"

आई खाली बसली. "तुझ्यामुळे?" ती म्हणाली. "तुझ्यामुळे कशानं? ती दोन वर्षांची असताना तापानं फणफणली होती. तेव्हा त्याच मुरुगनाला बोलले होते मी, वाचव हिला, हिचे केस देईन. वाचली. मग केस असे सुंदर यायला लागले की माझा जीव होईना. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत नऊ वर्षं काढली. मग त्यानं आपणच नेले. केसच पेटले ना रे आधी? आणि तुझी भुवई बघितली की वाटायचं, जाता जाता त्यानं तुलाही हात लावून ठेवलाय. मला बघवायचं नाही."

दीड वर्ष एकाच घरात, एकाच ताटलीतलं लोणचं खात, आम्ही दोघं तिला मारल्याचं पाप आपापल्या डोक्यावर घेऊन फिरत होतो. देव असलं काही करतो, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण मी उठलो आणि म्हणालो, "चल, केव्हा जायचं?"

अप्पा म्हणाले, डॉक्टरांना पत्र टाकून विचारू, वस्तरा फिरवला तर पुन्हा उगवेल का. आई म्हणाली, "विचारून दिलं तर ते देणं कसलं?" मग कुणी पत्र टाकलं नाही.

जटक्यातून, म्हणजे तिकडच्या एका घोड्याच्या टांग्यातून, गेलो. पायऱ्यांखाली न्हावी बसले होते. एकानं डोकं भिजवून झरझर वस्तरा चालवला. पाच मिनिटांत गोटा झाला. "उठा," तो म्हणाला.

"ती पण," आई म्हणाली.

न्हाव्यानं हात जोडले. "भुवई कुणी काढत नाही अम्मा, अशुभ असतं. मी नाही हात लावणार."

मी काही बोलणार तोच अप्पा पुढे झाले. माझं मुंडकं धरून वळवलं आणि कानामागचा लांबट, पांढरा व्रण दाखवला. "हे बघा. कापड इथलं आहे. फक्त शिवलंय तिथे." न्हाव्यानं व्रणावर बोट फिरवलं, मग भुवईच्या शिवणीवरून फिरवलं. कारागीर तोही. दोन्हींचं माप जुळतंय, हे त्याला कळलं. पाण्याचं बोट लावून त्यानं दोन फटकाऱ्यांत डावी भुवई उतरवली. उजवीला हात लावला नाही.

आईनं वाटीत चंदन उगाळून आणलं होतं. मुंडणानंतर डोक्याला थापतात तसं ती थापू लागली, आधी टाळूवर, मग कानामागे, मग कपाळावर. मी सवयीनं मान खाली घातली. तिनं हनुवटीला धरून ती वर केली. चंदनाचं बोट त्या उघड्या, गुळगुळीत डागावर येऊन थांबलं, आणि आई बघत राहिली. डागाकडे, मग डोळ्यांत. बराच वेळ. ती एकट्या मलाच बघत नव्हती, हे मला कळत होतं. डावीकडे, कानामागे, कुणीतरी चार केस ओढल्यासारखं झालं. पण तिथे आता केसच नव्हते.

"भूक लागली असेल तुला," ती म्हणाली. बटणाला नव्हे, मला.