बायची फाइल

काळजी करणं ही पगारी नोकरी असती, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे अंकल आज अख्ख्या बहरीनचे जनरल मॅनेजर असते. गुदैबियातल्या आमच्या जुन्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की बाकीचे जिना चढतात. अंकल ती चालू असतानाही जिनाच चढतात, कारण ती मध्येच बंद पडू शकते. मूळचे वसईचे. इथल्या एका हॉस्पिटलात विम्याच्या काउंटरवर बसून त्यांचे केस पांढरे झाले. कोणाचा क्लेम कुठल्या कलमाखाली फेटाळला हे रोज पाहून त्यांची खात्रीच पटली आहे की माणूस आजाराने मरत नाही, बारीक अक्षरांतल्या मजकुराने मरतो. बायको वसईला त्यांच्या म्हाताऱ्या आईपाशी, मुलगी लग्न होऊन पुण्याला, आणि हे इथे दोन खोल्यांत एकटे. अशा माणसाच्या गाडीच्या बॉनेटखाली एका सकाळी मांजरीचं पिल्लू सापडावं, यात नशीब पिल्लाचं की अंकलचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आयुष्यात कधी साधा पोपट न पाळलेला हा गृहस्थ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाल्कनीला जाळी मारून घेतली, वॉशिंग मशीनच्या दारावर ‘आधी आत बघा’ अशी चिठ्ठी लावली (घरात वाचणारे ते एकटेच) आणि पिल्लाचं नाव ठेवलं ‘बाय’. मग सुरू झाला विमा. मांजरांचा विमा उतरवणाऱ्या तीन कंपन्यांची माहितीपत्रकं घेऊन ते संध्याकाळी आमच्याकडे येत आणि जेवणाच्या टेबलावर ती पसरत. “हे बघ, ही कंपनी अपघात देते, आजार देत नाही. ही आजार देते, पण जन्मजात दोष असला तर मफी, काहीच मिळत नाही. आता हिचे आईबाप कोण, त्यांना काय होतं, मी कुणाला विचारू?” माझी बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची, “अंकल, सकाळपासून ती तुमच्या पडद्याला लटकलीय. तिला काय धाड भरलीय?” यावर अंकल आणखी अस्वस्थ होत. “तेच ना! पडद्याला लटकते म्हणजे अपघातवाली घ्यायला हवी की काय?”

शेवटी तिन्ही पत्रकं पाठ झाल्यावर त्यांनी ठरवलं, आधी बायची तब्येत ठणठणीत असल्याची खात्री करायची, मग अर्ज भरायचा. बाय शिंकली, चालले दवाखान्यात. एका डोळ्यातून पाणी आलं, चालले. एकदा ती सोफ्यावर नुसतीच बसून राहिली म्हणूनही गेले. डॉक्टरीणबाई केरळच्या, फार सोशिक. “कुछ नहीं है अंकल,” म्हणायच्या. पण अंकल त्यांना प्रत्येक गोष्ट फाइलमध्ये लिहायला लावत. उद्या कोणी लपवलं म्हणायला नको! अर्ज गेला तशी कंपनीने ती फाइल मागवली. पॉलिसी आली तेव्हा नाक, डोळे, कान, पोट, कातडी, सगळं ‘आधीपासूनचे आजार’ म्हणून वगळलेलं होतं. अंकलच्या हिशेबाने विमा उरला तो फक्त शेपटीचा. “दुसऱ्या कुणी हा गाढवपणा केला असता, तर मी त्याला काउंटरवरच झापलं असतं,” ते एवढंच बोलले. आम्ही नवराबायको त्या दिवशी पोट धरधरून हसलो.

त्यानंतरच्याच एका शुक्रवारी मी जुम्म्याच्या नमाजाहून येऊन ताटावर बसतो तोच दार वाजलं. अंकल अनवाणी उभे, हातात बायचा पिंजरा. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, सारखी ओकत होती, आणि शर्टाचं बटण लावायला काढलेल्या रिळाचा दोरा अर्धा गायब होता. गाडी मीच चालवली, अंकल मागे पिंजऱ्याला धरून बसले. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून सांगितलं, दोरा आतड्यात अडकलाय, पोट आत्ताच उघडावं लागेल, पिल्लू लहान आहे, खात्री देत नाही. काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, “इन्शुरन्स?” अंकल म्हणाले, “वो खलास करो सिस्टर, पहले इसको अंदर लो,” आणि समोर आला तो कागद न वाचता त्यांनी सही केली. त्यांना काहीही न वाचता सही करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर बाकावर त्यांनी रिकामा पिंजरा मांडीवर घेतला. मग म्हणाले, “पोरीला टायफॉइड झाला होता, मला कळलं ती परत शाळेत जायला लागल्यावर. आईचा पाय मोडला, कळलं प्लास्टर निघाल्यावर. तुम्ही तिकडे एकटे, उगाच जिवाला घोर नको, म्हणतात सगळे. घरच्या प्रत्येक आजारपणाला मी उशिरा पोचलो रे. हिच्याच वेळेला तेवढा हजर आहे.” त्यांच्यावर हसण्यात घालवलेल्या त्या सगळ्या संध्याकाळींची मला लाज वाटली. मी त्यांचा हात धरला.

तासाभराने बाय बाहेर आली. पोट भादरलेलं, जीभ किंचित बाहेर, पण श्वास चालू. डॉक्टरीणबाई हसल्या तेव्हा अंकलनी खाली बसून एक बोट तिच्या पंजाखाली सरकवलं आणि खुशाल रडले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वसईहून बायकोचा व्हिडिओ कॉल होता. त्यांनी घाईघाईने डोळे पुसले, कॅमेरा बंद केला आणि घसा खाकरला.

“बाय ना? मस्त आहे गो. आता जेवली आणि झोपली.”

फोन ठेवल्यावर मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ते ओशाळून म्हणाले, “टाके निघाले की सांगेन तिला. आईला घेऊन एकटी असते ती तिकडे.”