पंखावरचं कुंकू

विमानात जरा हादरे बसले की शेजारच्या अनोळखी माणसाचा हात घट्ट धरणारा मी, अमेरिकेत शॉमबर्गमधल्या आमच्या गराजमध्ये मात्र मोठा वैमानिक असतो. प्लॅस्टिकची लढाऊ विमानं जोडायची आणि रंगवायची हा माझा छंद. बायकोच्या मते हा छंद नसून भांडी न घासण्याची सबब आहे, आणि सगळे पुरावे तिच्या बाजूने आहेत.

आमच्या शेजारी पंचाहत्तरी उलटलेल्या एक बाई राहायच्या. एकदा गराजचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, त्यांचे वडील मूळचे न्यूझीलंडचे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून कोर्सेअर विमान उडवायचे. पुढे अमेरिकन मुलीशी लग्न करून इकडे आले आणि बाई शाळेत असतानाच आजारपणात गेले. आता बाई वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या. तिथल्या खोलीत सामानाला एकच शेल्फ, आणि त्यावर त्यांना वडिलांचं विमान हवं होतं. वडिलांचं म्हणावं असं दुसरं काहीच त्यांच्याकडे नव्हतं. मी जागच्या जागी हो म्हटलं.

मग मला चेव चढला. ब्रिटिश विमानांवर जे गोल चिन्ह असायचं, त्याच्या मधोमध लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोळा. धांदलीत आपल्याच तोफांनी आपलीच विमानं पाडू नयेत, म्हणून पॅसिफिकमध्ये ब्रिटिशांनी तो लाल रंग काढून टाकला. निळं वर्तुळ आणि मधे नुसतं पांढरं. ही माहिती मी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत सांगितली, ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगितली, दातांच्या डॉक्टरला तोंडात त्याची हत्यारं असताना सांगायचा प्रयत्न केला. बाईंना तर दोनदा सांगितली. कुणा परक्या माणसाने इंटरनेटवर आपल्या मॉडेलचा फोटो टाकला आणि त्यात लाल दिसलं, तर मी त्याला सविस्तर समज देत असे.

दसरा आला. बाई संध्याकाळी विमान न्यायला येणार होत्या आणि फक्त वॉर्निशचा हात बाकी होता. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. मी रेशमी कुर्ता घालून, हातात तबक घेऊन फिरत होतो. लॅपटॉप, मिक्सर, गाडी, बर्फ उडवायचं मशीन. बोट ओलं करायचं, कुंकू लावायचं, अक्षता, नमस्कार, पुढे. हात सवयीने चालत होते आणि डोकं पॅसिफिकवर घिरट्या घालत होतं. भानावर आलो तेव्हा विमानाच्या पंखावर, त्या पांढऱ्या वर्तुळाच्या अगदी मधोमध, गोल गरगरीत लाल ठिपका होता. आयुष्यात पहिल्यांदाच माझा नेम इतका अचूक लागला होता.

बायको मागून आली आणि बघत राहिली.

"अरे, तो रेड डॉट नको म्हणून तू महिनाभर आमचं डोकं खाल्लंस ना?"

मी ओल्या टिश्यूने पुसायला गेलो. वॉर्निश नसल्यामुळे रंगाने कुंकू पिऊन टाकलं होतं. कडा तेवढ्या गुलाबी झाल्या. आणि नेमकी बेल वाजली. मला मनापासून लाज वाटली. त्या बाईंना वडिलांची म्हणून एकच वस्तू मिळणार होती, आणि तिची मी पार वाट लावली होती.

मी सगळं सांगून टाकलं. बाईंनी विमान हातात घेतलं. मग त्यांनी मला माहीत नसलेलं सांगितलं. एकदा वडील मोहिमेवरून परतत असताना त्यांच्याच जहाजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. पंखावर लाल रंगाचा टिपूसही नव्हता, तरी. ते जहाजावर उतरले, पण विमानातून खाली पाय ठेवल्यावर त्यांना उभं राहवेना. माझ्या महिनाभराच्या व्याख्यानात या माणसाला कुठेच जागा नव्हती.

"हे कशासाठी लावतात?" त्यांनी ठिपक्याकडे बोट दाखवून विचारलं.

मी म्हटलं, ज्यांच्या भरवशावर आपण जगतो, त्यांना आज नमस्कार करायचा. सुखरूप ने आणि सुखरूप परत आण, एवढंच मागायचं.

"मग हे तेव्हाच कुणीतरी लावायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पुसू नका. दुसऱ्या पंखालाही लावा."

मी तबक घेऊन आलो. मघाशी न बघता अचूक लागलेला माझा नेम आता नीट बघूनही चुकला, आणि ठिपका पांढरं सोडून निळ्यावर गेला. बाईंनी तोही पुसू दिला नाही. मी तो वाळू दिला आणि वर वॉर्निश मारलं.