बाजारादिवशीचा उपास

शेजारचे गृहस्थ तासगावच्या आठवडी बाजारात शिरले की प्रत्येक पोत्यापुढं थांबतात. "गोड हाय का बघू," म्हणत मूठभर बेदाणे तोंडात टाकतात. पुढं शेंगदाणे, मग फुटाणे, मग गुळाचा खडा. विकत मात्र घेतात बाजार उठताना उरलेली मऊ वांगी. वर मलाच शिकवतात, "जिभंला आवर घातला की संसार भागतोय गड्या."

परवा बाजारातून मी त्यांच्याच घरी गेलो. वहिनींनी ताटं वाढली, तर हे म्हणाले, "मला नगं. पोरास्नी वाढ."

वहिनी मला हळूच म्हणाल्या, "बाजारादिवशी कवाच जेवत न्हाईत बघा, भावजी. पोरास्नी पुरावं म्हणून."

गृहस्थांनी मान खाली घातली आणि ढेकर दाबला.