मैनाबाईचं तोंड

अमरावती कॅम्पातल्या चर्चमध्ये रविवारी दोन उपासना होत. आठ वाजता साहेबलोकांची इंग्रजी, दहा वाजता आपल्या लोकांची मराठी. देव दोन्ही वेळी तोच असे. पहिला बाक मात्र डेप्युटी कमिशनर साहेबांचा. मराठी उपासनेला साहेब कधीच येत नसत, तरी त्या बाकावर कोणी बसत नसे. दाराशी उभं राहून पाय दुखले तरी चालतील, पण साहेबांच्या रिकाम्या जागेचा अपमान नको, असा चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाचा शिरस्ता होता.

दुसऱ्या बाकाच्या टोकाला बापूसाहेब पारधे बसत. ते कचेरीत हेडक्लार्क आणि पंचमंडळाचे चिटणीस. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर मैनाबाई. वेदीवरची वस्त्रं धुणं आणि पितळी क्रूस चिंचेनं घासणं हे तिचं काम. पण चर्चमध्ये तिची खरी ओळख म्हणजे तिचा आवाज. पाद्रीसाहेबांचं वाक्य संपतं न संपतं तोच मैनाबाईचं उत्तर छताला जाऊन लागे. मागोमाग, अर्धा श्वास उशिरा, बाकीची साठ माणसं.

या आवाजाला कारण होतं. तिचा नवरा सूर्यभान चर्चची घंटा वाजवी. अठरा वर्षं घंटेखाली उभं राहून त्याचे कान गेले. तो मागे दोराजवळ बसे. त्याला कळावं म्हणून ती सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर बोले. सूर्यभान जाऊन सहा वर्षं झाली होती. दोर आता दुसऱ्याच्या हातात होता. आवाज तेवढा तिनं खाली आणला नव्हता. तो खाली आणला, तर सूर्यभान मागे बसलेला नाही हे कबूल करावं लागलं असतं.

१९३४च्या नोव्हेंबरात बिशपसाहेब येणार असं पत्र आलं. चर्चला चुना लागला. मोर्शीहून संत्र्यांच्या दोन टोपल्या आल्या, खिडक्यांत रचायला. एवढं झाल्यावर बापूसाहेबांची नजर मैनाबाईकडे वळली.

"मैनाबाई, बिशपसाहेब मराठी पुण्यात शिकले आहेत," ते म्हणाले. "पुस्तकात प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' असं आहे. तुम्ही 'आज आमाले दे' म्हणता."

"मंग? भाकर आमालेच पायजे ना?"

"प्रश्न भाकरीचा नाही, व्याकरणाचा आहे."

"काहून बापूसाहेब, देव बी पुण्यालेच शिकला का?"

शेजारची माणिकबाई पदरात तोंड घालून हसली. बापूसाहेबांचा चेहरा तापला. "हे पाहा, सभेत ठराव झाला आहे. त्या दिवशी तुम्ही बिलकुल तोंड उघडायचं नाही. मनात म्हणा. देवाला मनातलंही ऐकू येतं."

"देवाले येतं हो," मैनाबाई म्हणाली. सूर्यभानला मनातलं कधीच ऐकू आलं नव्हतं.

तो आठवडाभर तिनं वस्त्रं धुतली, क्रूस घासला, आणि कोणाशी फारसं बोलली नाही. माणिकबाईनं विचारलं, "बाई, रुसली का तू?" तर म्हणाली, "तोंडाले सवय लावून राहिली."

रविवारी चर्च भरलं. बिशपसाहेब उंच, गोरे, नम्र. हातात मराठी प्रार्थनापुस्तक. सुरुवात छान झाली. पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, पाद्रीसाहेबांच्या मागून तुकड्यातुकड्यानं म्हणायचा होता, त्यामुळे धरायला त्यांचा आवाज होता. प्रभूची प्रार्थनाही त्यांच्याबरोबर पार पडली. 'आम्हांस' अगदी पुण्यासारखं झालं. बापूसाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मैनाबाई ओठ मिटून बसली होती. पाठीमागे दोराजवळ आज तिच्यासाठी कोणीच नव्हतं.

मग बिशपसाहेबांनी एकेक अक्षर नीट उच्चारून म्हटलं, "हे प्रभू, तू आमचे ओठ उघड."

याचं उत्तर लोकांनी द्यायचं असतं, पाद्रीसाहेबांनी नाही. उत्तर आलं नाही. साठ माणसांनी साठ पुस्तकांत पाहिलं. त्या माणसांतली चाळीस वाचू शकत नव्हती आणि उरलेल्यांना पान सापडत नव्हतं, कारण आजवर ते शोधायची वेळच आली नव्हती. बापूसाहेबांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. इतकी वर्षं आपणही मैनाबाईचंच शेपूट धरून स्वर्गाकडे चाललो होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. खिडकीतलं एक संत्रं घरंगळून खाली पडलं, तेवढाच आवाज.

बापूसाहेब मागे वळले आणि दातांतून म्हणाले, "मैनाबाई! अहो, उघडा तोंड!"

बहिऱ्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला कुजबुजता येत नाही. मैनाबाई म्हणाली,

"तुमीच तं म्हनलं, तोंड उघडू नोको!"

आणि अर्धा श्वास उशिरा, जन्माच्या सवयीनं, सुटकेच्या आनंदानं, साठ गळ्यांनी एकसुरात म्हटलं,

"तुमीच तं म्हनलं, तोंड उघडू नोको!"

बिशपसाहेबांनी पुस्तकाचं पान पाहिलं. मागचं पाहिलं, पुढचंही पाहिलं. मग सभ्य माणसासारखे पुढच्या ओळीकडे वळले. "हे देवा, आम्हांस तारावयास त्वरा कर."

ही प्रार्थना त्या चर्चमध्ये बापूसाहेबांइतक्या कळवळ्यानं कोणीच कधी ऐकली नसेल. त्यांनी मैनाबाईकडे पाहून हात जोडले. अगदी जोडले. मग ती उठली, छातीभर श्वास घेतला, आणि तिचं उत्तर मागच्या भिंतीला, घंटेच्या दोराला जाऊन लागलं. मागोमाग साठ माणसं.

नंतर कडुनिंबाखाली चहा घेताना बिशपसाहेबांनी विचारलं, "ते पहिलं उत्तर कोणत्या प्रतीत आहे?"

"इकडची जुनी प्रथा आहे, साहेब," बापूसाहेब म्हणाले. साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

पंचमंडळाच्या इतिवृत्तात 'उपासना शांततेत पार पडली' अशी नोंद झाली. खाली नवा ठराव: मैनाबाईंनी पूर्ववत मोठ्याने म्हणावे, मात्र शुद्ध म्हणावे.

पुढच्या रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीची ओळ आली. मैनाबाईनं ठरावाचा मान राखून क्षणभर विचार केला, आणि मागे दोराकडे ऐकू जाईल असं म्हणाली, "आज आमाले दे."

"आज आमाले दे," चर्च म्हणालं. त्यात दुसऱ्या बाकाच्या टोकाचाही एक आवाज होता.