सलूनमधली खुर्ची

इमारतीत त्यांना सगळे मध्यंतरकाका म्हणायचे, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलेलं होतं. महिन्यातून एका रविवारी दुपारी ते तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचे आणि तो ऐन रंगात आला की बंद करायचे. मग पडद्यासमोर उभं राहून विचारायचे, "ती खिडकी मगाशी उघडी होती, आता बंद आहे. का बरं?" लोक आधी वैतागले, मग सरावले, आणि पुढे इतके तयार झाले की पडद्यावर कुणी साधं पाणी प्यायलं तरी मागून आवाज यायचा, "पाणी म्हणजे मुक्ती." काकांना त्याचं कोण कौतुक. त्यांनी आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलं होतं. लोकांना नीट पाहायला लावणं हाच आपला धंदा, असं ते म्हणायचे. त्यावर काकू म्हणायच्या, "दुकानात निदान नंबर तरी स्पष्ट सांगायचात."

काकू बस स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. कुठली बस, कुठून सुटते, किती वाजता, एवढंच बोलायची त्यांना सवय. काका बोलायला लागले की त्यांना अजूनही वाटायचं, खिडकीबाहेर रांग वाढत चालली आहे.

या खेपेला मात्र गंमत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि जाताना आपली जागा एका नर्सला भाड्याने द्यायचं कबूल करून गेल्या होत्या. ही नर्स जवळच्याच हॉस्पिटलमध्ये होती. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिनेच त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले होते. बाई दूरच्या मुलखातली, कुरळ्या केसांची आणि काळी. तिच्या लोकांची वस्ती गावाबाहेर होती आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळख न दाखवता राहत. अलीकडे त्यावरून बाजारात एकदा हाणामारीही झाली होती. भाडेकरू ठेवायला इमारतीच्या सभेची संमती लागे. जिन्यात कुजबुज सुरू झाली, पण रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणी म्हणालं, त्यांच्या ड्यूटीच्या वेळा अडनिड्या असतात. कुणी म्हणालं, अशा लोकांकडे पाहुणे फार येतात. चेअरमन म्हणाले, इमारतीची एक पद्धत आहे. ती कोणती, हे त्यांनी सांगितलं नाही.

"सभेत उभे राहा आणि सांगा, बाई चांगली आहे, जागा द्या," काकू म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे."

"असं तोंडावर बोललं की माणसं बिथरतात," काका म्हणाले. "कलेतून सांगितलं की आपसूक आत शिरतं."

"आणि नाही शिरलं तर?"

काकांनी सिनेमा निवडूनही ठेवला होता. सभा होती त्याच रविवारी, सभेच्या आधी, आणि नर्सलाही त्यांनी आवर्जून बोलावलं होतं.

सिनेमा जुना होता. गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांच्या मधोमध एक सलून. एक काळा माणूस तिथे रोज झाडू मारतो, आरसे पुसतो, खिडकीजवळची खुर्ची चकचकीत करतो, पण त्या खुर्चीत त्याला कधी बसता येत नाही. शेवटी दंगल होते, सलून जळतं, आणि राखेत खुर्चीचा नुसता लोखंडी सांगाडा उरतो. त्यावर कुठून तरी एक पांढरी कोंबडी येऊन बसते.

नर्स वेळेवर आली आणि मधल्या रांगेत बसली. हॉल भरत गेला, पण तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या काही भरल्या नाहीत. उशिरा आलेली मंडळी मागे भिंतीला टेकून उभी राहिली. बसून बसून पाठ धरते, असं ती एकमेकांना सांगत होती. काकांनी हे पाहिलं आणि त्यांना चक्क आनंद झाला. आता यांना दिसल्याशिवाय राहत नाही, असं त्यांच्या मनात आलं. काकू मात्र पुढच्या रांगेतून उठल्या आणि जाऊन नर्सशेजारी बसल्या. काकांना ते जरा घाईचं वाटलं.

झाडूवाला खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवतो, नेमका तिथे त्यांनी सिनेमा थांबवला. "ही खुर्ची म्हणजे काय?"

हात भराभर वर झाले. खुर्ची म्हणजे माणसाची प्रतिष्ठा, असं सेक्रेटरी म्हणाले. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका म्हणाल्या की खुर्ची रिकामी आहे म्हणूनच ती डोळ्यांत खुपते. पाठ धरलेल्या मंडळींपैकी एकजण भिंतीला टेकूनच म्हणाला की शेजारी कुणाला बसू न देणं ही हिंसाच आहे. काका त्याच्याकडे बघतच राहिले. त्याच्यापासून चार पावलांवर खुर्च्या रिकाम्या होत्या. सिनेमा संपल्यावर कोंबडीवरून वाद पेटला. कुणाला ती शांतता वाटली, कुणाला आशा. चेअरमनांनी डोळे पुसले आणि असा सिनेमा शाळाशाळांतून दाखवला पाहिजे, असं म्हणाले. मग चहा झाला आणि सभासदांची सभा सुरू झाली. नर्सला दाराबाहेर थांबायला सांगण्यात आलं.

घरामागे एक मत, आणि घर काकांच्या नावावर. काकूंना बोलायचा अधिकार नव्हता. त्यांनी काकांना कोपराने ढोसलं. काका उभे राहिले. वाक्य तयार होतं, छोटं होतं, पण समोर वर्षानुवर्षांचे शेजारी बसले होते, उद्या जिन्यात भेटणारे. ते म्हणाले, "मी एवढंच म्हणेन, आपल्या प्रत्येकाच्या मनात एक खुर्ची असते. ती कुणासाठी आहे, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं."

टाळ्या पडल्या. काकू मान खाली घालून बसल्या.

"वा," चेअरमन म्हणाले. "काका लाखमोलाचं बोलले. ज्याने त्याने आपली जागा ओळखावी. त्या बाईंची जागा त्यांच्या माणसांत, आपली आपल्यांत. यात कुणाचा अपमान नाही. जागा देऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

"तसं नाही," काका म्हणाले. "म्हणजे त्या सांगाड्याचा संदर्भ जर घेतला..."

हात कधीच वर गेले होते. कोंबडीला आशा म्हणणाऱ्या शिक्षिकेचाही होता. काकांना संताप आला, त्यांचा, चेअरमनांचा, त्या कोंबडीचा. इतकी वर्षं यांना पाहायला शिकवलं आणि हे शिकले काय, तर पडद्यावरचं तेवढं पाहायला. पण खरा राग कुणाचा आला होता, ते त्यांना कळत होतं, आणि त्यावर काही इलाज नव्हता.

लोक पांगले. नर्स जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. सेक्रेटरींनी तिला निकाल सांगितला होता आणि ती रडली वगैरे नव्हती. काका-काकू बाहेर आल्यावर तिने आधी विचारलं, डोळ्याला आता पाणी येतं का. काका नाही म्हणाले.

"काका, मी बाहेरून ऐकलं तुमचं बोलणं," ती म्हणाली. "सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या. पण तुमची भाषा मला अजून पुरती येत नाही. तुम्ही जागा द्या म्हणालात, का नको म्हणालात?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या मदतीला आल्या नाहीत.

"द्या," काका म्हणाले. "जागा द्या, असं म्हणायचं होतं मला."

"बरं," ती म्हणाली आणि पर्स खांद्याला अडकवून निघून गेली. वाक्य तोंडातून निघायला काहीच त्रास झाला नव्हता.