चांगल्या गटातले सीतारामभाऊ

सीतारामभाऊ मेश्राम आमचे मांजरीतले शेजारी. खडकीच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्तीनंतर इकडे फ्लॅट घेतला. सोसायटीतला एकही गळका नळ त्यांनी प्लंबरच्या हाती लागू दिला नाही. छपन्न साली नागपूरला दीक्षेच्या गर्दीत ते वडिलांच्या खांद्यावर होते. "मला फक्त डोकी दिसली हो," असं सांगून स्वतःच हसायचे. नोकरी लागल्यापासून दसऱ्याला नागपूर त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

मग पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली.

त्यांचा मुलगा धम्मदीप हिंजवडीत होता आणि कामही नेमकं हेच. पोटातल्या गाठीतली कोणती जनुकं जोरात चालू आहेत, कोणती थंड पडलीत, हे पाहून पेशंट किती जगेल याचा अंदाज बांधणारा प्रोग्रॅम. मी एकदा विचारलं, "म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरवर कुंडली मांडता?" तो चिडला. "काका, हे गटाचं गणित आहे. एकट्या माणसाला लावायचं नसतं." हे तो सगळ्यांना बजावून सांगे.

त्या अभ्यासात भाऊंच्या गाठीचाही तुकडा होता. तिथे नावं नसतात, पण बापाचा नंबर पोराला ठाऊक होता. एके दिवशी तो पेढे घेऊनच आमच्या दारात आला. बाबा चांगल्या गटात, म्हणजे जास्त जगणाऱ्यांच्यात निघाले होते.

दसरा जवळ आला. भाऊंनी पांढरा शर्ट इस्त्री करून हँगरला लावला. जपून जायला डॉक्टरांचीही हरकत नव्हती. धम्मदीपच अडून बसला. "एवढ्या गर्दीत कशाला, बाबा? पुढच्या वर्षी जाऊ. रिपोर्ट चांगलाय ना!" भाऊंनी पोराच्या शिक्षणावर विश्वास ठेवला.

उन्हाळ्यात ते गेले. तोच शर्ट त्यांना घातला. मला त्या पोराचा संताप आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याचा चेहरा पाहिला आणि खांदा द्यायला पुढे झालो.

पुढे एकदा मी त्यांच्या घरी बसलेलो असताना शालनवहिनींनी मुलाला विचारलं, रिपोर्ट चांगला होता तर हे गेले कसे? धम्मदीपने लॅपटॉप उघडला. पडद्यावर जिन्यासारख्या खाली उतरत जाणाऱ्या दोन रेषा होत्या. वरची चांगल्या गटाची.

"आई, एक माणूस गेला की रेषा एक पायरी उतरते." त्याने वरच्या रेषेतल्या एका पायरीवर बोट ठेवलं. "ही बाबांची."

वहिनींनी डोळे बारीक करून पाहिलं. "म्हंजे चांगल्या गटातले बी मरतेत?"

"हो, आई. ते आम्हाला आधीपासून माहीत असतं."

वहिनींनीही त्याच पायरीवर बोट टेकवलं.

"मंग दसऱ्याले त्याईले नागपूरले काहून नाही नेलं रे?"